कॉन्सेप्ट अल्बममधलं 'आता मी माझा' गाणं कसं लिहायचं आणि कसं बसवायचं

एक सबंध गोष्ट सांगणारा अल्बम करायचाय आणि त्यात एक जोरदार रॉक गाणं पाहिजे, जिथे गोष्टीतला माणूस म्हणतो की आता मी कोणाचा नाही, माझा मी. जळगाव, धुळे, भुसावळकडे गिटार घेऊन बसणाऱ्या बऱ्याच पोरापोरींच्या डोक्यात हे असतं, आणि जवळजवळ सगळे लिहायला त्या गाण्यापासूनच बसतात. तसं करू नका भो. हे गाणं सगळ्यात उशिरा लिहायचं. मोकळं होण्याचं गाणं एकटं उभं राहत नाही, त्याच्या आधी बांधलेपणाची गाणी लागतात. ऐकणाऱ्याला दोरी दिसली पाहिजे, तिचा मनगटावरचा वळ दिसला पाहिजे, मगच ती तुटली म्हणजे काय झालं हे त्याला कळतं. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा), ठेका, रेकॉर्डिंग सगळं खाली सांगतो, पण एवढी एक गोष्ट धरली तर बाकीचं सोपं जातं.

आधी एक अल्बम नीट ऐका

या प्रकारात माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारं गाणं म्हणजे द हू या इंग्लिश बँडचं 'आय ॲम फ्री'. मे १९६९ मध्ये आलेल्या 'टॉमी' या डबल अल्बममधलं, लिहिलंय पीट टाउनशेंडनी, गायलंय रॉजर डाल्ट्रीनी. सिंगल म्हणून ते अमेरिकेत ३७ व्या नंबरपर्यंत गेलं, म्हणजे सुटं ऐकलं तरी चालतंच, पण सुटं ऐकून तुम्हाला त्यातून शिकायला फार कमी मिळेल. सव्वा तास काढा, हेडफोन लावा, शफल बंद करा आणि पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐका. एकदा नुसतं ऐका आणि दुसऱ्यांदा वही घेऊन बसा, प्रत्येक गाण्यासमोर एकच गोष्ट लिहा की या गाण्यात गोष्टीतला पोरगा, टॉमी, जास्त बांधला गेला की थोडा सुटला.

गोष्ट थोडक्यात अशी. टॉमी लहान असताना त्याच्या घरात त्याच्यासमोर एक खून होतो, तो ते आरशात बघतो, आणि आईबाप त्याला दटावतात की तू काही पाहिलं नाहीस, ऐकलं नाहीस आणि कोणाला काही सांगायचं नाही. पोरगं ते इतकं मनावर घेतं की आंधळं, बहिरं, मुकं होऊन जातं. पुढे लोक त्याला छळतात, त्याच्यावर इलाज करतात, तो पिनबॉलचा, म्हणजे मशीनवर गोळी उडवायच्या खेळाचा, चॅम्पियन होतो, पण आरशात स्वतःकडे बघणं सोडून त्याला बाहेरचं काही पोचत नाही. शेवटी वैतागून आई तो आरसा फोडते आणि पोरगा जागा होतो.

आता इथे वहीत नीट बघा. आरसा फुटल्यावर लगेच 'आय ॲम फ्री' येत नाही. अल्बमवर मध्ये 'सेन्सेशन', 'मिरॅकल क्युअर' आणि 'सॅली सिम्पसन' अशी तीन गाणी आहेत, तोपर्यंत तो प्रसिद्ध झालाय, त्याच्यामागे लोक लागलेत, आणि मग तो म्हणतो मी मोकळा आहे, माझ्यामागे या. म्हणजे तिथे ते गाणं गुरूचं झालं. १९७५ मध्ये केन रसेलनी याच्यावर सिनेमा काढला, त्यात हेच गाणं आरसा फुटल्याबरोबर टाकलंय, आणि तिथे ते धावत सुटलेल्या माणसाचं गाणं होतं. तेच गाणं, जागा बदलली की अर्थ बदलला. मला स्वतःला अल्बमची जागा जास्त आवडते कारण त्यात पुढचा धोका दिसतो, पण तुमची गोष्ट साधी असेल तर सिनेमाची जागा घ्या. दोन्ही चालतं, फक्त ठरवून करा, जिथे रिकामी जागा दिसली तिथे कोंबू नका.

याचा आपल्या मातीशी पण एक धागा आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो. टाउनशेंड मेहेरबाबांना मानायचा, 'टॉमी'च्या श्रेयनामावलीत 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलंय. मेहेरबाबा जन्माने पुण्याचे, समाधी मेहेराबादला, म्हणजे नगरजवळ, आपल्याकडून निघालं तर दिवसभरात जाऊन येता येईल असं ठिकाण. १० जुलै १९२५ ला त्यांनी मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत हा अल्बम आला. चव्वेचाळीस वर्षांच्या आसपास न बोललेला गुरू, आणि त्याच्या शिष्याने लिहिलेली न बोलणाऱ्या पोराची गोष्ट. हे कळल्यावर 'आय ॲम फ्री' परत ऐका, त्यातलं मोकळं होणं म्हणजे नुसतं घर सोडून पळणं नाही हे जाणवतं.

आपली गाठ शोधा

आता तुमचा अल्बम. पहिलं काम म्हणजे माणूस कशाने बांधलाय ते एका वाक्यात लिहा. 'समाजाने' असं लिहिलं तर खोडा. 'सिस्टीमने' लिहिलं तरी खोडा. बांधणारी गोष्ट हातात धरता आली पाहिजे किंवा तिची तारीख सांगता आली पाहिजे.

खानदेशात अशा गोष्टींची काय कमी आहे? मी इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो म्हणजे नीट समजेल. सालदार घ्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. आपल्याकडे सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया. आखाजीला साल ठरतं, वर्षाचे पैसे किती, धान्य किती, कपडे किती, आणि त्यातली उचल आधीच घेतलेली असते, लग्नासाठी नाहीतर दवाखान्यासाठी. ती उचल फिटली नाही की पुढचं साल पण तिथेच. आता बघा तुमच्या अल्बमला आपोआप काय काय मिळालं: गोष्ट एका वर्षाची, सुरुवात आणि शेवट एकाच सणाला, मध्ये पेरणी, पावसाची उघडीप, कापूस वेचणी, थंडीत रात्रीचं पाणी देणं, उन्हाळ्यात पुन्हा आखाजी. आणि मोकळं होण्याचा दिवस पण ठरलेला, ज्या दिवशी हिशोब होतो त्या दिवशी.

त्याच दिवसाची दुसरी बाजू पण आहे, सासरहून माहेरी आलेली लेक, झोका, आखाजीची गाणी. तिचा अल्बम केला तर तो वेगळाच होईल आणि कोणीतरी पोरीने तो करावा असं मला मनापासून वाटतं, कारण ही गाणी बायकांनीच पिढ्यानपिढ्या सांभाळलीत.

गाण्यातून लांबलचक गोष्ट सांगायची हे आपल्याला नवीन नाहीये बरं का. वहीगायन ऐकलं नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि जाऊन ऐका, डफावर एक जण कथा पुढे नेतो आणि बाकीचे धरून घेतात. कॉन्सेप्ट अल्बमचं काम तेच आहे, फक्त इथे ॲम्प्लिफायर आहे.

एक प्रश्न आधीपासून पेरून ठेवा

ही युक्ती सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 'टॉमी'मध्ये एक छोटी ओळ, मला बघा, मला स्पर्श करा अशा अर्थाची, पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी ती आपल्याला ओळखीची होत जाते. 'आय ॲम फ्री'च्या शेवटाकडे 'पिनबॉल विझार्ड'ची गिटार परत डोकावते. म्हणजे सुटकेच्या गाण्यात नवीन माल कमी आणि जुन्याची फेड जास्त.

आपल्या सालदाराचं असं करा. पहिल्याच गाण्यात गावाच्या पारावर कोणीतरी त्याला अहिराणीत विचारतं, 'तू कोना शे रे?', म्हणजे तू कोणाचा आहेस रे, आणि तो उत्तर देतो, 'तात्याना', म्हणजे तात्याचा, त्याच्या मालकाचा. बस. सूर तीनच घ्या, खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखे. तिसऱ्या गाण्यात बाजारात हाच प्रश्न, तेच उत्तर. पाचव्यात दवाखान्यात नाव लिहिणारा माणूस विचारतो, तेच उत्तर, आता थोडं थकलेलं. सातव्यात त्याचं स्वतःचं पोरगं बापाला विचारतं आणि तो गप्प राहतो, तिथे फक्त गिटार ते उत्तराचे सूर वाजवते. आणि मग तुमचं गाणं येतं. तोच प्रश्न, यावेळी पूर्ण बँडवर, आणि उत्तर एक सप्तक वर: 'आते मी मना!', म्हणजे आता मी माझा!

हे उत्तर पहिल्या गाण्यात टाकलं असतं तर कोणाला काही वाटलं नसतं. सात गाणी 'तात्याना' ऐकल्यावर वाटतं. अहिराणीच्या ओळी मात्र घरातल्या मोठ्या माणसाकडून तपासून घ्या, रावेर-यावलकडचं बोलणं वेगळं, साक्री-नंदुरबारकडचं वेगळं, आणि तुमचा माणूस ज्या गावचा आहे तिथलीच बोली त्याच्या तोंडी पाहिजे.

शब्द

पंख, पिंजरा, आकाश, क्षितिज, साखळदंड, वादळ. हे शब्द या गाण्यात वापरू नका, एकही नको. हजार वेळा ऐकलेत, ऐकताना कानावरून घसरतात. त्याऐवजी स्वतःला विचारा की हा माणूस मोकळा झाल्यावर पहिल्या दिवशी हाताने काय करेल. आपला सालदार काय करेल? पहाटे चारला त्याला जाग येईल, सवयच ती, गोठ्यात जायची वेळ झालेली, आणि मग त्याच्या लक्षात येईल की आज कोणी हाक मारणार नाही. तो खाटेवरच पडून राहील. बैल हंबरतील, ते बैल आता दुसरा कोणी सोडेल. आणि त्याला त्या बैलांसाठी वाईट पण वाटेल! हे असं काही सापडलं की तुमचं अर्धं गाणं झालं. पहिलं कडवं खाटेवर, दुसरं कडवं गावातून चालताना, हात रिकामे, काय करायचं हातांचं तेच कळत नाही. ध्रुवपदात फक्त तो प्रश्न आणि ते उत्तर.

ओळी लहान ठेवा. रॉक गाण्यात गायकाला श्वास घ्यायला आणि ड्रमला मध्ये घुसायला जागा लागते. जिथे सूर लांब धरायचाय तिथे ओळीचा शेवट 'आ' किंवा 'ए'वर करा, तोंड उघडं राहतं, आवाज बाहेर फेकता येतो. 'ई'वर उंच सूर लांब धरला की बऱ्याच जणांचा आवाज चिरकतो. 'मना' मध्ये शेवटी 'आ' आहे, म्हणून ते ओरडून गाता येतं.

आणि लिहायची घाई करू नका, आधी म्हणा. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, काम करता करता त्या ओव्या म्हणायच्या, कागदावर त्या दुसऱ्यांनी उतरवल्या, आणि १९५१ ला त्या गेल्यानंतर पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं. आज शंभरेक वर्षांनी पण ते शब्द तोंडात बसतात, कारण ते तोंडातच तयार झालेत. गाडी चालवताना, भांडी घासताना ध्रुवपद म्हणून बघा. दुसऱ्या दिवशी न बघता आठवलं तर ठेवा, नाही आठवलं तर बदला.

रिफ आणि ठेका

कॉर्ड्स साध्या घ्या. ए, जी, डी आणि परत ए, एवढ्यावर सबंध गाणं उभं राहतं. शुद्ध गंधार आणि कोमल निषाद, म्हणजे आपल्या खमाज थाटाचे सूर होतात, त्यामुळे आपल्याकडच्या गळ्याला ते परके वाटत नाहीत. आधीची बांधलेपणाची गाणी ए मायनरमध्ये ठेवा, मग इथे एकदम मेजर आला की खिडकी उघडल्यासारखं होतं, काही समजावून सांगावं लागत नाही.

आता खरी गंमत ठेक्यात. 'आय ॲम फ्री' ची सुरुवात ऐका आणि पाय आपटून बघा, तुमचा पाय हमखास चुकीच्या ठिकाणी पडणार. रिफ ठोक्याच्या बाहेर सुरू होतो, आणि ड्रम आले की कळतं अरे सम तर दुसरीकडेच होती. खुद्द त्यांचा ड्रमर कीथ मून याला ती सुरुवात वेगळ्याच ठोक्यावर ऐकू यायची, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) यांचं मूळ काम टाउनशेंड आणि बासिस्ट जॉन एन्टविसल यांनी केलं, मूनने रोल नंतर भरले, आणि स्टेजवर ते दोघं मोठी मोठी पावलं टाकून त्याला ठोका दाखवायचे, असं एन्टविसलने सांगितलेलं आहे. जगातल्या मोठ्या ड्रमरचं असं झालं तर आपण तालमीला वेळ दिलाच पाहिजे.

बसवायचं असं. सगळ्यांनी मोठ्याने मोजा, एक-अन्-दोन-अन्-तीन-अन्-चार-अन्. गिटारवाल्याने पहिला स्ट्रोक 'चार'नंतरच्या 'अन्'वर मारायचा आणि तिथून रिफ चालू ठेवायचा. ड्रमर गप्प, फक्त मोजतोय. दोन वेळा रिफ झाला की ड्रमरने खऱ्या 'एक'वर शिरायचं. सुरुवातीला ऐंशीच्या टेम्पोवर, म्हणजे मिनिटाला ऐंशी ठोक्यांवर, करा, मग दहा-दहाने वाढवत एकशे दहा-पंधरापर्यंत आणा. गिटारवाला ड्रम आल्याबरोबर घसरून त्याच्याबरोबर जातो, हे प्रत्येक बँडमध्ये होतं, त्यासाठी एकच इलाज, त्याने पायाने 'एक' धरायचा आणि हाताने 'अन्'. मोबाईलवर क्लिक लावून एकट्याने घरी केलं तरी चालतं. तोंडाने मोजल्याशिवाय मात्र हे बसत नाही, कोणी कितीही म्हणो मला आतून कळतं.

हा त्रास कशासाठी घ्यायचा? कारण सात गाणी तुमचा माणूस दुसऱ्याच्या ठोक्यावर चाललाय. मोकळा झाल्यावर त्याचं पहिलं पाऊल ठोक्यावर कसं पडेल?

आणखी एक, काही गोष्टी राखून ठेवा. आधीच्या गाण्यांमध्ये डफ घ्या, कोरडी स्नेअर घ्या, पण क्रॅश सिंबल, म्हणजे ड्रमसेटमधली जोरात झणकारणारी मोठी झांज, एकदाही वाजवू नका. गायकाचा सगळ्यात वरचा सूर पण आधी कुठे येऊ देऊ नका. दोन्ही या गाण्यात पहिल्यांदा. ड्रमर कुरकुर करणारच, त्याला समजवा. लांबी तीन मिनिटांच्या आतच ठेवा, 'आय ॲम फ्री' पावणेतीन मिनिटांच्या आसपासच आहे. लांब सोलोचा मोह टाळा, सुटलेला माणूस भाषण करत नाही.

हे शेवटचं गाणं नको

इथे बरेच अल्बम पडतात. मोकळा झाला, टाळ्या, संपलं. 'टॉमी' तसा संपत नाही. सुटलेला टॉमी लोकांना आपल्या घरी बोलावतो, मग आश्रमासारखा कॅम्प उघडतो, आणि शिष्यांना सांगतो की तुम्ही पण डोळे, कान, तोंड बंद करून पिनबॉल खेळा म्हणजे तुम्हाला माझ्यासारखं होईल. लोक चिडतात आणि त्याला झिडकारतात. जो स्वतः सुटला तोच दुसऱ्यांना बांधायला निघाला, आणि हे कळल्यावर मागे वळून 'आय ॲम फ्री' ऐकलं की अंगावर येतं.

तुमच्या सालदाराच्या गाण्यानंतर निदान दोन गाणी पाहिजेत. मोकळा झाला, पण पोट कुठेय? सुरतच्या गाडीत बसला का? स्वतःच्या बिघाभर तुकड्यावर आला का? की पुढच्या आखाजीला त्यानेच दुसऱ्या कोणाला उचल दिली? मला हे शेवटचं सगळ्यात खरं वाटतं, कारण मग 'तू कोना शे रे' हा प्रश्न तोच विचारतो आणि समोरून उत्तर येतं त्याचं स्वतःचं नाव. पण तुमच्या माणसाला तुम्ही ओळखता, त्याच्याकडूनच काढा.

रेकॉर्डिंग

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसा रेकॉर्डिंगचा विचार सोडा. पारा ४५ च्या वर जातो, तारा तापून सैल होतात आणि दर टेकला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या दर फेरीला, गिटार उतरते, आणि कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये फक्त कूलरच ऐकू येतो. पहाटे करा नाहीतर रात्री अकरानंतर. खोलीत भिंतींना गोधड्या टांगा, खाली सतरंजी, गायकाच्या पाठीमागे एक गादी उभी करा, एवढ्याने आवाजाचा घुमारा बराच बसतो. लॅपटॉप शक्यतो चार्जर काढून बॅटरीवर चालवा, लाइट गेली तरी टेक वाया जात नाही आणि अर्थिंगमुळे येणारी गुणगुण पण बऱ्याचदा जाते. चोवीस बिटवर रेकॉर्ड करा, लेव्हल उणे दहा डेसिबलच्या आसपास राहू द्या, लाल दिव्यापर्यंत नेऊ नका, जोर मिक्सिंगमध्ये आणता येतो.

या गाण्याचं गायन सगळ्यात शेवटी घ्या, बाकी सगळी गाणी गाऊन झाल्यावर, आणि घेण्याआधी गायकाला आधीची सात गाणी क्रमाने ऐकवा. ध्रुवपदाला तो माइकपासून एक वीतभर मागे सरकू दे, म्हणजे ओरडला तरी आवाज फाटणार नाही. सुराला थोडा इकडेतिकडे झालेला पण खरा वाटणारा टेक आणि अगदी सुरात पण सपाट टेक यात पहिला निवडा. ऑटोट्यून, म्हणजे कंप्युटरने सूर सरळ करणं, या गाण्याला लावू नका.

अल्बमची सगळी गाणी एकाच सेशनमध्ये सलग लावून मग मार्कर टाकून तुकडे करा, म्हणजे सातव्या गाण्याची गुणगुण आठव्याच्या रिफमध्ये न तुटता जाते. अपलोडला डब्ल्यूएव्ही फाइलच द्या, एमपीथ्रीमध्ये ट्रॅकच्या पुढेमागे बारीकसा रिकामा भाग येतो आणि नेमका जोड तिथेच उघडा पडतो. यूट्यूबवर गाणी सुटी टाकायची असतील तर टाका, पण सोबत सबंध अल्बमचा एक सलग व्हिडिओ पण ठेवा, त्यात प्रत्येक गाण्याची वेळ लिहा, अहिराणी ओळी पूर्ण टाइप करून द्या आणि खाली त्यांचं साधं मराठी द्या, म्हणजे कोल्हापूर-नागपूरचा माणूस पण पहिल्या गाण्यापासून बसून ऐकेल.